कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत

प्रार्थनेला वेळच मिळत नाही, असं वाटत असेल तर ती रोजच्या एखाद्या कामाला जोडून टाका. मी सकाळी कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत घरातल्या एकेकाचं नाव घेऊन प्रभूशी बोलते. धाकट्याचा गणिताचा पेपर, सासूबाईंचा दुखरा गुडघा, जे असेल ते. मोठे शब्द लागत नाहीत. बायबलमधला नहेम्या हा पर्शियाच्या राजाचा सेवक; त्याने तर राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी, तिथल्या तिथेच स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली (नहेम्या 2:4). मन सुन्न असेल, शब्दच फुटत नसतील, तेव्हा येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या जकातदाराचं (कर गोळा करणाऱ्याचं) एक वाक्य पुरतं: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ (लूक 18:13). आणि रात्री दिवा मालवताना दिवसातल्या एकाच, पण नेमक्या गोष्टीसाठी आभार माना.