‘सॉरी म्हण, हात मिळव’: वर्गातलं भांडण सोडवताना या चुका टाळा

मधल्या सुट्टीतल्या भांडणाचा निकाल बहुतेक वर्गांत अर्ध्या मिनिटात लागतो. सॉरी म्हण, हात मिळव, बस जागेवर. शाळा सुटली की गेटबाहेर तेच भांडण पुन्हा पेटतं, कारण ते कशावरून झालं हे कुणी विचारलेलंच नसतं.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. घरून आणलेली बाटली पोरं जपून पुरवतात. समजा, एकाने दुसऱ्याची बाटली न विचारता तोंडाला लावून संपवली आणि धक्काबुक्की झाली. ‘बाई, त्याला शिक्षा करा’ ही झाली मागणी. गरज निराळीच असते: एकाला दुपारपर्यंत पाणी हवंय, दुसऱ्याकडे बाटलीच नाही. मागणीवर अडून बसलात तर कुणीतरी हरणारच.

लगेच जाब विचारू नका. दोघांना दहा-पंधरा मिनिटं लांब बसवा. मग बोलणं व्हरांड्यात, वर्गासमोर नाही. प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. नंतर एकाने सांगितलेलं दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगायचं. पहिला ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत पुढे सरकू नका. घाईत नेमकी हीच पायरी गळते. ‘का मारलंस?’ म्हटलं की मूल सफाई देऊ लागतं. ‘त्याआधी काय झालं?’ विचारा. तोडगा मुलांनीच काढायचा, वहीत दोन ओळींत लिहायचा. आठवड्याने पुन्हा चौकशी करा.

आपल्याकडची खास चूक भाषेची. मराठीत फडाफडा बोलणारा खरा वाटतो. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारा अडखळतो आणि खोटा ठरतो. त्याला आधी घरच्या भाषेत सांगू द्या. ती भाषा येणारं दुसरं मूल वर्गात बहुधा असतंच.

या पायऱ्यांचा वर्गात सराव घ्यायचा तर खऱ्या भांडणावर नको, वर्ग हसतो. रचलेला प्रसंग घ्या. मुलांपैकीच कुणाला मध्यस्थ नेमलंत तर मॉनिटर नकोच! फळ्यावर नावं लिहिणारा तो, पोरांच्या लेखी बाईंचाच माणूस.

एकच मूल रोज दुसऱ्याला छळत असेल तर दोघांना समोरासमोर बसवू नका; दबलेलं मूल तिथेही गप्पच राहील. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर शाळेतल्या शाळेत मिटवायचा प्रश्नच नाही: 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आणि भांडण मिटवताना कुणाला ओणवं उभं करू नका. शारीरिक शिक्षेला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच बंदी आहे.