बंद बसमधली भीती जत्रेच्या मंचावर कशी आणावी

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानमालिका १९६३ साली सुरू झाली. रोबो, परग्रहवासी, रबरी मुखवटे तिच्यात भरपूर. पण १४ जून २००८ रोजी दाखवलेल्या ‘मिडनाइट’ या भागात यातलं जवळजवळ काहीच नाही. हिऱ्यांच्या ग्रहावर सहलीला निघालेली बंद गाडी मध्येच थांबते. मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ तिच्यातच असतो. बाहेरून कोणीतरी ठोठावतं, आणि थोड्या वेळाने स्काय नावाच्या प्रवासी बाईच्या तोंडून इतरांचंच बोलणं परत येऊ लागतं. तो जीव शेवटपर्यंत दिसत नाही. रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलेला हा भाग माझ्या लेखी सरळसरळ एकांकिका आहे. आपल्याकडे गोव्यात जत्रेची पालखी झाल्यावर रात्रभर नाटक बघणारा प्रेक्षक आहे. त्याच्यापुढे ही भीती कशी उभी करायची, हे मी सत्तरी तालुक्यातल्या मुलामुलींच्या तालमी घेते त्या अनुभवावरून सांगते.

भाग सगळ्यांनी एकत्र बसून बघा, आणि मग कथा बाजूला ठेवा. ती त्यांची आहे. आपण घ्यायचं ते तंत्र. आपली गाडी म्हणजे बेळगावहून पणजीला येणारी रात्रीची बस. चोर्ला घाट, धो धो पाऊस, पुढे दरड कोसळलेली. आत निवृत्त मास्तर, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, रात्रपाळीला निघालेली नर्स, नवराबायको आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा, एकटी प्रवास करणारी बाई, कंडक्टर, आणि डॉक्टरच्या जागी आपला नायक. हातात पत्रा घेऊन विंगेमागून कोणीतरी मुठीने ठोठावायचं, एका विंगेपासून दुसरीकडे चालत. प्रेक्षकांच्या माना आपोआप आवाजाबरोबर फिरतात.

आणि बाहेर काय आहे याला नाव देऊ नका. आपल्या माणसांच्या मनात गावाची राखण करणारा राखणदार आहे, देवचार आहे. एका पात्राने जरी ‘देवचार’ म्हटलं, तरी प्रेक्षक निवांत होतो, कारण देवचाराचं काय करायचं ते त्याला ठाऊक असतं: गाऱ्हाणं घालायचं, रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, द्यायचा. इथे कोणाला काय द्यायचं तेच कळता कामा नये.

आता खरी मेहनत. बाईचं बोलणं तीन पायऱ्यांनी चढतं. आधी ती इतरांचे शब्द मागून म्हणते. मग त्यांच्याबरोबरच म्हणते. शेवटी ती आधी बोलते आणि नायकाच्या तोंडून तेच शब्द मागून येतात. तिसऱ्या पायरीवर बसमधल्यांना वाटतं, ‘ते’ बाईला सोडून नायकात शिरलं. प्रेक्षकाला मात्र दिसत असतं की ते तिच्यातच आहे आणि आता त्याला इतरांचे शब्द उसने घ्यावे लागत नाहीत. या उलटफेरावर सगळं नाटक उभं आहे, म्हणून तालमीचा बहुतेक वेळ इथेच घाला.

सुरुवात आरतीने करा. पाठ असलेलं दोघांना एकत्र म्हणायला सोपं जातं, आणि एकमेकांचा श्वास कळू लागतो. मग अनोळखी आकडे घ्या. मूळ भागात डॉक्टर ‘पाय’ (π) या गणितातल्या संख्येचं वर्गमूळ म्हणतो, १.७७२४५३८५… आणि बाई त्याच्या पाठोपाठ. यात डेव्हिस यांची हुशारी दिसते. वाक्याचा शेवट ओळखता येतो, पुढचा आकडा ओळखता येत नाही, त्यामुळे ती अंदाजाने बोलत नाही हे बघणाऱ्याला पटतं. ‘बरोबर’ बोलण्याच्या प्रवेशात दोघांनाही सगळे संवाद चोख पाठ हवेत. खूण म्हणून नायकाने वाक्याआधी श्वास घेताना खांदे किंचित उचलायचे. बाईने त्याच्या तोंडाकडे बघत बसू नये, बघितलं की शब्द मागे पडतो. आपली मुलं घरी कोंकणी बोलतात, मराठी वाक्याचा हेल प्रत्येकाचा वेगळा. म्हणून दोघांचा हेल जुळेपर्यंत अभिनयाला हात लावू नका. आणि या प्रवेशात प्रॉम्प्टरला विंगेतून उठवा. त्याची कुजबुज म्हणजे तिसरा आवाज.

साऊंडवाल्याशी आधीच बोलून घ्या. त्याला इको आवडतो, तो पूर्ण बंद हवा. मैदानाच्या टोकाला कर्णा लावू नका: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मंच आणि कर्णा यांच्यात ३४ मीटर अंतर असेल तर तिथे बसलेल्याला मंचावरचा मूळ आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला की बाईने केलेली नक्कल आणि मंडपाचा घुमारा यांतला फरकच कळत नाही. दोघांना वेगळे माईक द्या.

प्रकाशाचं फार मनावर घेऊ नका. बसमधला पांढरा दिवा पुरे. धूर नको.

बाकीच्या प्रवाशांना मात्र कमी लेखू नका. मूळ भागात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती त्यांचीच. चांगली, हसरी, एकमेकांना खाऊ देणारी माणसं बघता बघता ‘हिला बाहेर फेका’ म्हणू लागतात, आणि पुढे नायकालाच दाराकडे ओढतात. हा बदल एका ओरडण्यात दाखवू नका. आधी मास्तरांनी नर्सचं वाक्य तोडावं. मग आईने मुलाला ‘तू गप बस’ म्हणावं. मग कोणीतरी नायकाला नाव-गाव विचारावं आणि त्याचं उत्तर कोणाला पटू नये. दार उघडायची भाषा त्यानंतर. जी मुलं स्वभावाने गरीब आहेत त्यांना ही कामं द्या, खलनायकी करण्याची हौस असलेल्यांना नको.

मूळ गोष्टीत गाडीवरची होस्टेस त्या बाईला धरून दाराबाहेर झेप घेते आणि सगळ्यांना वाचवते. नंतर डॉक्टर तिचं नाव विचारतो, तर ते एकालाही माहीत नसतं. आपल्या बसमध्ये कंडक्टरचा शेवट तुम्ही वेगळा करा, पण त्यालाही संहितेत नाव देऊ नका. नाटकाआधी माईकवर पात्रपरिचय होतो, तेव्हा त्याच्या भूमिकेपुढे नुसतं ‘कंडक्टर’ म्हणायचं. हे निवेदकाला कागदावर लिहून द्या, तो ऐनवेळी स्वतःच्या मनाने नाव जोडतो.