सर्दी गेली, ताप गेला, पण खोकला काही जाईना? ब्रॉन्कायटिसमध्ये घरी काय करायचं

सर्दी-ताप काही दिवसांत जातो पण खोकला हटायचं नाव घेत नाही, मग दहा-बारा दिवस झाले की माणूस वैतागतो आणि मेडिकलमध्ये जाऊन 'काहीतरी स्ट्राँग द्या' म्हणतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. अक्यूट ब्रॉन्कायटिसचा (म्हणजे श्वासनळ्यांना अचानक आलेल्या सुजेचा) खोकला सरासरी अडीच आठवड्यांच्या आसपास टिकतो, तीन आठवडे लागले तरी त्यात वावगं काही नाही. आपण मात्र आठवड्याभरात बरं वाटायला पाहिजे असं धरून चालतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आत नेमकं काय होतं ते समजलं की निम्मी काळजी कमी होते. श्वासनळीच्या ज्या दोन फांद्या फुप्फुसात जातात त्यांचं आतलं अस्तर व्हायरसमुळे सुजतं, कफ जास्त बनतो, आणि कफ वर ढकलणारे बारीक केसांसारखे तंतू असतात ते काही दिवस कामातून जातात. मग कफ बाहेर काढायला खोकण्याशिवाय दुसरा मार्ग राहत नाही. व्हायरस गेला तरी अस्तर हुळहुळं राहतं, त्यामुळे थंड हवा लागली, जोरात हसलं, फोनवर जरा जास्त बोललं की लगेच उबळ. आणि जितकं जोरात खोकाल तितकं ते अजून चिडतं. म्हणून घरी करायच्या गोष्टी दोनच, चिडचिड कमी करायची आणि कफ सुटायला मदत करायची, बाकी वेळेवर सोडायचं.

अँटिबायोटिकचं आधी मिटवून टाकू. ब्रॉन्कायटिसच्या 10 पैकी 9 केसेस तरी व्हायरसच्या असतात, आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. पिवळा-हिरवा बेडका पडला म्हणजे इन्फेक्शन वाढलं हा समज तर घराघरात आहे, पण तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइममुळे येतो, नुसत्या रंगावरून बॅक्टेरिया आहे की नाही ते कळत नाही. अँटिबायोटिक घेऊन खोकला फार तर अर्ध्या दिवसाने लवकर जातो, वर जुलाब-पुरळ होऊ शकतात ते वेगळंच. न्यूमोनिया किंवा डांग्या खोकला असेल तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

आता घरी काय करायचं. कोमट पाणी दिवसभर थोडं थोडं पीत राहा, एकदम तांब्याभर नको (हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल आणि पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर ते मोजमाप तसंच पाळा). झोपायच्या आधी एक चमचा मध, नुसता किंवा कोमट पाण्यात, याने रात्रीचा खोकला खरंच जरा कमी होतो, लहान मुलांमध्येही. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, चाटवायचासुद्धा नाही, बॉट्युलिझमचा (जंतूच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. डायबेटिस असेल तर साखरेचा हिशोब धरा. घसा खवखवत असेल तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. वाफेने बरं वाटतं पण आजार लवकर जातो असं काही नाही, आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यावर लहान मुलाला वाकवून बसवणं तर बंदच करा, भाजण्याच्या केसेस अशाच होतात. त्यापेक्षा बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावून दहा मिनिटं मुलाला घेऊन बसलेलं बरं.

कफ छातीत अडकल्यासारखा वाटतोय आणि खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्यात, अशा वेळी एक युक्ती फार कामाची आहे, फिजिओथेरपीवाले शिकवतात ती. खुर्चीत ताठ बसा, खांदे ढिले सोडा, तीन-चार श्वास हळू आणि पोटातून घ्या. मग मध्यम श्वास घेऊन तोंड उघडं ठेवून 'हाSS' करत हवा बाहेर सोडा, चष्म्याच्या काचेवर वाफ आणताना करतो ना तसंच, फक्त जरा जोर लावून आणि जरा लांब. असं दोनदा करा, मग परत शांत श्वास. कफ वर सरकतोय असं वाटलं की एकदाच खोका आणि थुंकून टाका. सकाळी उठल्यावर आणि झोपायच्या आधी केलं तर दिवसभराचं खोकणं बरंच वाचतं. चक्कर आली तर थांबा.

कोरड्या ढासेला उलटं करायचं. घशात गुदगुल्या सुरू झाल्या की लगेच खोकायचं नाही, तोंड मिटा, एक आवंढा गिळा, दोन-तीन सेकंद श्वास रोखा, मग नाकाने हलका श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून हळू सोडा. पहिल्या दोन-तीन वेळा जमत नाही, नंतर जमतं, आणि एक उबळ टळली की पुढच्या पाच टळतात. रात्री उशाशी पाण्याचा ग्लास ठेवा, डोक्याखाली एक उशी जास्त घ्या, फॅन किंवा एसीचा झोत थेट तोंडावर नको.

सिगारेट ओढत असाल तर निदान हे दिवस तरी बंद, घरात दुसऱ्या कोणीही ओढायची नाही. डासांची कॉइल, परफ्यूम, फिनाइलचा उग्र वास यानेही उबळ येते.

औषधांचं थोडक्यात सांगते. कफ सिरपचा फायदा बेताचाच असतो, चार वर्षांच्या आतल्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायचं नाही, आणि कोडीन (अफूच्या जातीचं औषध) असलेलं सिरप 18 वर्षांखालच्या कोणालाच नको. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालते, पण सर्दीच्या गोळ्यांमध्येही बऱ्याचदा तीच असते, म्हणून आधी पाकिटावरचं वाचा आणि दोन्हीत पॅरासिटामॉल असेल तर एकच घ्या, नाहीतर नकळत डबल डोस होतो. बीपी असेल तर नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका.

पण सगळाच खोकला घरी बसून काढायचा नसतो. बसल्या जागी धाप लागतेय, छातीत दुखतंय, कफातून रक्त पडतंय, ओठ निळसर झालेत, म्हाताऱ्या माणसाला अचानक काही सुचेनासं झालंय, यात घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर. ताप तीन दिवसांच्या वर राहिला, किंवा उतरून परत चढला तर न्यूमोनिया बघायला हवा. लहान मुलाची बरगड्यांखालची आणि बरगड्यांमधली जागा श्वासासोबत आत ओढली जात असेल किंवा श्वास फार भरभर चालत असेल (एक ते पाच वर्षांत मिनिटाला 40 किंवा जास्त), तर रात्र असली तरी न्या. दमा, सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार), हार्टचा आजार असलेले, गरोदर बायका आणि पासष्टी ओलांडलेले यांनी सुरुवातीलाच दाखवलेलं बरं.

तीन आठवडे उलटले तर मात्र तपासून घ्याच, आणि वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येतेय, रात्री घाम येतोय असं असेल तर तेवढंही थांबू नका, टीबीची टेस्ट लागेल. लांबलेल्या खोकल्यामागे दमा असतो, नाकातून घशात उतरणारी सर्दी असते, ॲसिडिटी असते, आणि एक कारण तर हमखास सुटतं ते म्हणजे बीपीच्या काही गोळ्या, रामिप्रिल, एनालाप्रिल वगैरे, त्यांनी कोरडा खोकला लागतो. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टर बदलून देतात. सलग दोन वर्षं, वर्षातले तीन-तीन महिने कफाचा खोकला राहत असेल तर तो क्रॉनिक ब्रॉन्कायटिस, तिथे यातलं काही पुरणार नाही, सिगारेट कायमची सोडणं हा पहिला उपाय आणि स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची टेस्ट) करून घ्यायची.

दवाखान्यात जाताना खोकला कधी सुरू झाला, दिवसा जास्त की रात्री, कफ पडतो का, शिटीसारखा आवाज येतो का आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत एवढं मोबाइलमध्ये लिहून न्या, समोर बसल्यावर नेमकं तेच आठवत नाही.