माशांच्या आधी पाणी: मुलांना समुद्राचं विज्ञान कसं दाखवावं

मुलांना समुद्राबद्दल सांगायचं म्हटलं की आपण देवमासा, शार्क, ऑक्टोपस यांची चित्रं काढून बसतो. मी सुरुवात पाण्यापासून करते. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं, थंड पाणी खाली जातं, खोल जावं तसा दाब वाढतो आणि उजेड संपतो. हे मुलाच्या हातांना कळलं, की खोल पाण्यातला मासा स्वतःचा उजेड स्वतः का तयार करतो हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

आधी समुद्राचं पाणी बनवा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ. वजन मुलालाच करू द्या आणि बोटाचं टोक बुडवून चव घेऊ द्या. मग विचारा, यात अंडं तरंगेल का? बहुतेक मुलं हो म्हणतात, पण ताजं अंडं बुडतं. आता चमचा चमचा मीठ वाढवत, ढवळत जायचं आणि चमचे वहीत लिहायचे. अंडं वर येईपर्यंत मूल जागचं हलत नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग निळ्या बर्फाचा. त्याला वेळ द्या, घाई करू नका. पाण्यात खाण्याचा निळा रंग घालून आदल्या रात्री बर्फ लावा. दोन सारखे काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत साधं, न तापवलेलं, न गार केलेलं पाणी. एकात तीन-चार चमचे मीठ पूर्ण विरघळवा आणि पाणी शांत होऊ द्या. मग दोन्हींत एकाच वेळी एकेक खडा अलगद सोडा. त्याआधी अंदाज लिहून घ्यायचा: आधी कुठला विरघळेल? माझ्या सात वर्षांच्या भाच्याने छातीठोकपणे सांगितलं, ‘मिठातला!’ मोठी माणसंही हेच सांगतात. प्रत्यक्षात मिठाच्या पाण्यातला बर्फ जास्त वेळ टिकतो.

इथे लगेच समजावून सांगू नका. ‘निळा रंग कुठे जातोय बघ,’ एवढंच म्हणा. साध्या पाण्यात निळ्या रेघा तळाकडे उतरताना दिसतात, कारण वितळलेलं गार पाणी जड असतं. ते खाली गेलं की त्याच्या जागी कोमट पाणी बर्फापाशी येतं आणि बर्फ भराभर वितळतो. मिठाच्या पाण्यात मात्र वितळलेलं गोडं पाणी हलकं ठरतं, ते वरच थांबतं आणि बर्फाभोवती गार थर धरून ठेवतं. नियम एकच: कुणीही ढवळायचं नाही.

हे पाहिलेल्या मुलाला खऱ्या समुद्राची गोष्ट सांगता येते. ध्रुवांजवळ समुद्र गोठतो तेव्हा बहुतेक मीठ बर्फात न जाता पाण्यात मागे राहतं. ते अतिथंड, जास्त खारं पाणी तळाला जातं आणि तळातळाने जगभर सरकत राहतं. त्याची पूर्ण फेरी व्हायला सुमारे हजार वर्षं लागतात.

दाबासाठी प्लास्टिकची बाटली पुरते. एका रेषेत वर, मध्ये, खाली अशी तीन भोकं मोठ्यांनी पाडावीत, त्यांवर चिकटपट्टी लावून बाटली भरावी, झाकण उघडं ठेवावं आणि पट्टी ओढावी. सगळ्यात खालची धार सगळ्यात जोरात येते. समुद्रात दर दहा मीटरला हवेच्या दाबाएवढा आणखी दाब वाढतो. १९६० साली झाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुडीतून प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेच्या, म्हणजे समुद्रातल्या सगळ्यात खोल जागेच्या तळाशी, जवळपास ११ किलोमीटर खाली गेले, तिथे तो हजारपटीहून जास्त होता.

ही खोली आकड्यात कळत नाही, म्हणून भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावा. १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. समुद्राची सरासरी खोली ३७ सेंटिमीटरवर येते आणि मारियाना गर्ता सुमारे १०९ वर. आता उजेडाचा भाग पिवळा रंगवायला सांगा: फक्त वरचे २ सेंटिमीटर! पृथ्वीवर तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे निम्मा ज्या सूक्ष्म वनस्पती-प्लवकांपासून (पाण्यात तरंगणाऱ्या, वनस्पतींसारख्या बारीक जीवांपासून) येतो, ती सगळी त्या पिवळ्या पट्टीत राहतात. माशांची चित्रं आता काढा, आणि प्रत्येक मासा आपापल्या खोलीवर चिकटवा.

प्लास्टिकचा, प्रदूषणाचा विषय लहान मुलांशी पहिल्याच दिवशी काढू नये असं मला मनापासून वाटतं. ज्याच्याशी ओळखच नाही त्याची काळजी वाटत नाही, नुसती भीती वाटते. पट्टी भरू द्या, मग बोला.

एक प्रश्न हमखास येतो: मीठ आलं कुठून? पाऊस खडकांतले क्षार विरघळवतो, नद्या ते समुद्रात नेतात. थोडे समुद्रतळाच्या गरम झऱ्यांतूनही येतात. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. हे बोलून न सांगता बशीत थोडं खारं पाणी उन्हात ठेवा आणि रोज बघायला सांगा. बशी कोरडी झाली की मुलालाच विचारा, मग पाऊस खारट का नसतो?