नेमप्लेटवरून सिम्युलिंकमध्ये डीपीचा ट्रान्सफॉर्मर

हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत शेडबाहेर असते तशी साधी डीपी (वितरण ट्रान्सफॉर्मर) घेऊ: २०० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट, डीवायएन-११ (११ केव्हीची बाजू डेल्टा, ४३३ व्होल्टची बाजू न्यूट्रलसह स्टार आणि ३० अंश पुढे), इम्पीडन्स ४.५ टक्के. टेस्ट सर्टिफिकेटवर नो-लोड लॉस ४०० वॅट, ७५ अंशांना लोड लॉस २००० वॅट, नो-लोड करंट १.५ टक्के असं धरू. सिम्युलिंक या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलला लागणारं सगळं एवढ्यात आहे.

लोड लॉसला व्होल्ट-अँपिअरमधल्या रेटिंगने भागा: २०००/२००००० म्हणजे आर (रेझिस्टन्स) ०.०१ पर युनिट, म्हणजे रेटिंगच्या प्रमाणात. ४.५ आणि १ यांच्या वर्गांच्या फरकाचं वर्गमूळ ४.३९, म्हणून एक्स (रिॲक्टन्स) ०.०४३९. दोन्ही निम्मे-निम्मे करून दोन वाइंडिंगना द्या. कोअरचा आरएम (नो-लोड लॉस दाखवणारा रेझिस्टन्स) २०००००/४०० = ५०० पर युनिट, एक्सएम (नो-लोड करंटमधून येणारा मॅग्नेटायझिंग रिॲक्टन्स) साधारण ६७.

सर्टिफिकेट नसेल आणि रेझिस्टन्स स्वतः मोजला असेल, तर तापमान लिहून ठेवा. ७५ अंशांवर नेण्यासाठी तांब्याच्या वाइंडिंगला गुणक (२३५+७५)/(२३५+टी), टी म्हणजे मोजतानाचं तापमान. नागपूरच्या मे महिन्यात ४२ अंशांना मोजलं तर १.१२, जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना १.२६. ॲल्युमिनियम असेल तर २३५ ऐवजी २२५. डीसी रेझिस्टन्समध्ये स्ट्रे लॉस येत नाही, त्यामुळे आर थोडा कमीच निघतो.

आता हमखास फसवणारी जागा. डीवायएन-११ आहे म्हणून बरेच जण ब्लॉकमध्ये डी-११ निवडतात आणि फेज ६० अंशांनी चुकतो. सिम्युलिंकचं घड्याळ स्टारला बारा वाजता धरतं. आपला एलव्ही (४३३ व्होल्ट बाजूचा) स्टार डेल्टाच्या ३० अंश पुढे, म्हणजे डेल्टा मागे. एचव्हीला (११ केव्ही बाजूला) डी-१ निवडायचं. एलव्हीला न्यूट्रल बाहेर काढलेला स्टार.

पुढे जाण्याआधी मॉडेलचीच टेस्ट घ्या. एलव्ही शॉर्ट करून ११ केव्ही बाजूला ४९५ व्होल्ट द्या: १०.५ अँपिअर आणि २००० वॅट दिसायला हवेत. एलव्ही उघडी ठेवून पूर्ण व्होल्टेज दिलं की ४०० वॅट. आकडा तीनपट किंवा १.७३ पट आला, तर लाइन-फेजचा घोळ आहे.

इनरश (चालू करतानाचा करंटचा झटका) पाहायचा असेल तर ब्लॉकमध्ये सॅच्युरेशन (कोअर चुंबकीयदृष्ट्या भरून जाणं) चालू करा, स्टेप ५० मायक्रोसेकंद किंवा कमी. ब्रेकर ए फेजच्या शून्यावर बंद करून 'इनरश फारसा नाही' म्हणू नका. डेल्टात वाइंडिंगला लाइन व्होल्टेज मिळतं आणि ए-बी या लाइन व्होल्टेजचं शून्य ए फेजच्या १.६७ मिलिसेकंद आधी येतं; ए फेजचं शून्य ०.१ सेकंदाला असेल तर ब्रेकर ०.०९८३ सेकंदाला बंद करा. रेसिड्युअल फ्लक्स (कोअरमध्ये आधीचा उरलेला फ्लक्स) तीन फेजना ०.८, -०.४, -०.४ पर युनिट ठेवा, बेरीज शून्य हवी. चिन्ह उलटं पडलं तर इनरश उतरतो, म्हणून दोन्ही चिन्हांनी करून बघा. आणि सोर्स आदर्श ठेवू नका, नाहीतर शिखर फुगतं: फीडरची फॉल्ट लेव्हल १०० एमव्हीए असेल तर मालिकेत १.२१ ओहमचा रिॲक्टन्स टाका.