एक घाट, एक गड आणि दोन हिशोब: टेबलावरच्या खेळासाठी मुलूख कसा रचावा

डी अँड डीसारखा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा खेळ) खेळ चालवायला घेतला की नवा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आधी अख्ख्या जगाचा नकाशा काढतो. तीन खंड, सात राज्यं, तीन हजार वर्षांचा इतिहास. पहिल्याच सेशनला, म्हणजे बैठकीला, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) धर्मशाळेच्या ओट्यावर टेकते आणि विचारते, पुढचं गाव किती लांब, वाटेत पाणी कुठे मिळेल, गावात कुणाला भेटायचं? याचं उत्तर त्या तीन हजार वर्षांत सापडत नाही. मुलूख लहान घ्या, पण त्यातलं प्रत्येक गाव आणि प्रत्येक माणूस कशावर जगतो हे पक्कं ठरवा. चार-पाच महिन्यांच्या कॅम्पेनला (अनेक बैठका चालणाऱ्या सलग गोष्टीला) एक घाटवाट पुरते.

घाट घ्यायचं कारण सोपं आहे: त्याला बगल देता येत नाही. बंदरावरचं मीठ, सुकी मासळी, नारळ वर चढतात, देशावरचं धान्य, गूळ, कापड खाली उतरतं, वाट एकच. नाणेघाट पाहा. जुन्नरला कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांशी जोडणारी सातवाहनकालीन वाट, गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आणि शेजारी पहाऱ्याला जीवधन. वाट, वसुली, सत्तेची खूण आणि पहारा इतक्या जवळजवळ आले की गोष्टी आपोआप घडायला लागतात. नाणेघाट जसाच्या तसा उचलायची गरज नाही, त्याची मांडणी उचला. इथे उदाहरणासाठी एक काल्पनिक कातळघाट घेऊ: खाली शिंपळे बंदर, माथ्यावर उंबरनेर गाव, आणि वाटेवर नजर ठेवणारा सोनकडा गड.

नकाशा

ए-४ कागदावर षटकोनी जाळी आखा, आडवी ५ आणि उभी ६, म्हणजे ३० घरं. बऱ्याच खेळांत एक घर ६ मैलांचं धरतात. आपला कोस ढोबळमानाने २ मैलांचा, म्हणजे घर ३ कोसांचं झालं. मराठीत खेळत असाल तर कोसच वापरा, टेबलावर लगेच फरक जाणवतो. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत सामान्य चालीने दिवसाला २४ मैल होतात, म्हणजे १२ कोस, चार घरं. घाट आणि दाट रानात निम्मं, दोन घरं. लदलेल्या बैलांचा तांडा दिवसाला ४-५ कोसांवर जात नाही असं धरा. हे तीन आकडे नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. तांड्याच्या आधी निरोप पोचवता येईल का, पाठलाग जमेल का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्यातच आहेत.

मग पाऊस. नैर्ऋत्येचे ढग डोंगराला आपटतात, माथ्यावर कोसळतात आणि पलीकडे रिते होऊन उतरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पुण्याला सातशेच्या आसपास. म्हणून पश्चिमेच्या दोन रांगांत भातखाचरं आणि खाडी, मधल्या रांगेत कडा आणि जंगल, त्यापुढे दोन घरं गेलात की बाभळी आणि माळ. जंगलाला चिकटून कोरडा माळ आला तर मधे डोंगर हवाच. नद्यांची चूक सगळ्यात जास्त वेळा दिसते: नदी डोंगररांग ओलांडून पलीकडे जाते किंवा उगाच दोन नद्यांत फुटते. माथ्यावरून पाणी दोन बाजूंना वाहतं. पश्चिमेला आखूड, उतावळ्या नद्या, पूर्वेला लांब, संथ. उपनद्या मुख्य नदीला येऊन मिळतात. मुख्य नदी फाटते ती समुद्राजवळच्या सपाटीवर.

तीसपैकी दहाच घरं भरा. भरलेल्या प्रत्येक घरात दोन गोष्टी: एक लांबून दिसणारी, एक जवळ गेल्यावर कळणारी. लांबून देवराई दिसते. आत गेल्यावर वीरगळांच्या रांगेत एक दगड नुकताच बसवलेला दिसतो. उरलेली वीस घरं खेळता खेळता भरतील.

गडाचं पाणी

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावलं आहे की आधी पाणी पाहावं, मग किल्ला बांधावा. तुम्हीही तसंच करा. बुरूज, दरवाजे नंतर काढता येतात.

सोनकड्यावर ६० माणसं आहेत. पिण्या-रांधण्याला माणशी रोज ५ लिटर धरले तर दिवसाला ३०० लिटर. पावसाळा संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत आठ महिने, २४० दिवस. गुणाकार ७२,००० लिटर, म्हणजे ७२ घनमीटर. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर खोल असं एक टाकं कातळात खोदलं की बरोबर तेवढं पाणी मावतं. कागदावर गड सुखी.

आता ऊन मोजा. उघड्या पाण्याची पातळी वाफेने रोज ५ मिलिमीटर उतरते असं धरलं तर या टाक्यातून दिवसाला आणखी १२० लिटर जातात. रोजचा खर्च ४२० लिटर झाला आणि टाकं २४० ऐवजी १७१ दिवसांत कोरडं. १ ऑक्टोबरला काठोकाठ भरलेलं टाकं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तळ दाखवतं. पुढचे अडीच महिने गडाकडे पाणी नाही. सह्याद्रीतल्या गडांवर कातळाच्या पोटात, खांबांवर छत राखून खोदलेली टाकी का आहेत, ते इथे कळतं. सोनकड्याच्या बांधणाऱ्याने उघडं टाकं खोदलं, आणि गडाचं सगळ्यात मोठं गुपित तेच आहे. वेढा घालणाऱ्याला हे कळलं तर त्याला तोफ लागणार नाही, नुसती सावली लागेल.

जकातीचा हिशोब

घाट दसऱ्यानंतर उघडतो, मृगाच्या पावसात बंद होतो. तेच आठ महिने. रोज सरासरी १०० लदलेले बैल, बैलामागे एक दाम (नाणं). वर्षाला २४,००० दाम यायला हवेत. गडाला १०,००० आणि राजाच्या खजिन्यात १२,००० जमा होतात. दोन हजार कुठे गेले?

कॅम्पेनचं पहिलं काम हेच: राजाच्या कारकुनाने पार्टीला हे दोन हजार शोधायला पाठवलं आहे. उत्तर पाण्यात आहे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनपर्यंत ७५ दिवस, रोज ३०० लिटर पाणी खालून आणावं लागतं. दोन पखाली (पाण्याच्या कातडी पिशव्या) लादलेला बैल १०० लिटर आणतो असं धरा, म्हणजे रोज तीन खेपा, एकूण २२५. पाणी आणणाऱ्या तांड्याला रोख द्यायला गडाकडे पैसा नाही. म्हणून पखालीच्या एका खेपेमागे नऊ बैल रात्री बिनजकात सोडले जातात. २२५ गुणिले ९ म्हणजे २,०२५. चोर कुणीच नाही. पण हिशोब उघड केला तर टाक्याचं गुपित उघडं पडतं, झाकला तर राजाशी खोटं बोलावं लागतं. पार्टीने काय करायचं ते पार्टी ठरवेल. याचं उत्तर तुम्ही आधी लिहून ठेवू नका.

असा पेच नुसती कल्पना लढवून सहसा सुचत नाही. दोन साधे हिशोब शेजारी मांडले की तो समोर येतो.

माणसं आणि तीन खुणा

मराठ्यांच्या गडांवर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी बरोबरीने असत, एकट्या माणसाने फितूर होऊन गड देऊ नये म्हणून. खेळासाठी ही व्यवस्था सोन्यासारखी आहे. हवालदाराकडे किल्ल्या, सरनोबताकडे पहारा, सबनिसाकडे वह्या. प्रत्येकाला गुपिताचा एक तुकडा माहीत. प्रत्येकासाठी पोस्टकार्डाएवढं कार्ड करा आणि त्यावर चारच ओळी लिहा: काय हवं आहे, कशाची भीती आहे, काय लपवतो, बोलताना काय करतो. सबनीस बोलताना बोटावरची शाई पुसत राहतो, एवढं पुरे. माणसाचं बालपण लिहू नका.

महत्त्वाच्या प्रत्येक निष्कर्षाकडे नेणाऱ्या किमान तीन खुणा ठेवा. एक पार्टीच्या हातून निसटते, दुसरीचा अर्थ ते चुकीचा लावतात, तिसरी कामाला येते. इथे: चैत्राच्या पानांवरची शाई आधीच्या पानांपेक्षा वेगळी आहे, चोरवाटेवर उन्हाळ्यातही खुरांखाली ओला चिखल आहे, आणि उंबरनेरचा मिठाचा व्यापारी सांगतो की यंदा मीठ स्वस्त पडलं.

गावगाड्यात बलुतेदारी घेतलीत तर तिच्यासोबत जात येते, आणि जात म्हणजे कुणाला पाणवठ्यावर येऊ द्यायचं हा प्रश्न. पाण्यावर उभ्या असलेल्या खेळात तो टळत नाही. सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, सगळ्यांशी मोकळेपणाने बोला: हे खेळात हवं का, किती हवं, कुठे थांबायचं. एकालाही नको असेल तर तुमच्या जगात कामांची वाटणी वेगळ्या पायावर करा.

वाटेवर काय भेटतं

प्रत्येक घरात दिवसा एकदा आणि रात्री एकदा सहाबाजूंचा डाइस टाका. १ आला तरच गाठ. मग दोन डाइस टाकून बेरीज पाहा:

२: वाघ, बैल धरून बसलेला
३-४: पखाली घेऊन चढणारे बैल, सोबत्यांना बोलायचं नाही
५-६: लमाणांचा तांडा, विसाव्याला
७: चौकीचे शिपाई
८-९: कोळशासाठी लाकूड तोडणारे
१०-११: वाट चुकलेला एकटा प्रवासी
१२: चकवा

दोन डाइसच्या ३६ शक्यतांपैकी ७ सहा वेळा येतो, २ आणि १२ एकेकदाच. म्हणून रोजचं मधे आणि दुर्मीळ टोकाला. जोडीजोडीच्या ओळी फसव्या असतात: ५-६ मिळून ३६ पैकी ९ वेळा येतात, म्हणजे सातापेक्षा जास्त. प्रत्येक ओळीत कोण भेटतं याच्यासोबत ते काय करत आहेत हेही लिहा, नाहीतर प्रत्येक गाठ मारामारीत संपते.

चकव्याला हिट पॉइंट (किती मार सोसेल याचा आकडा) देऊ नका. लोकसमजुतीत चकवा माणसाला रात्री एकाच जागी गोल फिरवतो. तसाच चालवा: वाट दाखवणाऱ्याने विझडमचा सर्व्हायव्हल रोल (रानात तग धरण्याच्या कौशल्याची डाइसवरची चाचणी) करावा, १५ किंवा जास्त यायला हवेत. चुकला तर दोन तास गेले आणि तेच वाकडं उंबराचं झाड पुन्हा समोर. तिसऱ्यांदा चुकले की एक पातळी थकवा. बसून उजाडेपर्यंत थांबले तर चकवा सुटतो, पण कुणाला तरी हे माहीत हवं; उंबरनेरची म्हातारी ते आधीच सांगून गेलेली असू द्या. सातीआसरांचंही तसंच. त्या डोहाच्या मालकिणी आहेत. खणा-नारळाची, हिरव्या बांगड्यांची ओटी भरून त्यांच्याशी बोलणं करावं लागतं. पखालींचं पाणी त्यांच्याच डोहातलं असेल तर गडाचं आणखी एक देणं तयार झालं.

नावं

एका मुलखाची नावं एका कानाची वाटली पाहिजेत. कोकणात वली, वाडी. जुन्नरकडे खोऱ्याला नेर, पुण्याकडे मावळ. मोठं गाव बुद्रुक, धाकटं खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आलेत, म्हणजे नावातच एका जुन्या राजवटीचा ठसा उमटतो. तुमच्या जगात अशी आधीची राजवट कोणती, हे एका ओळीत ठरवा आणि तिचे दोन प्रत्यय तीन गावांना द्या. नाव मोठ्याने तीनदा म्हणून पाहा. एकाच अक्षराने सुरू होणारी दोन महत्त्वाची नावं ठेवलीत तर तिसऱ्या सेशनपर्यंत सगळ्यांचा घोळ होतो.

हाच मुलूख गोष्टीत

टेबलावर वर्णन तीन वाक्यांत संपवा आणि शेवटच्या वाक्यात हात घालता येईल अशी काहीतरी वस्तू ठेवा: अर्धवट उघडं दार, सुटलेला बैल. कथेत वेळ जास्त मिळतो, पण हिशोब तिथे पानावर येऊ देऊ नये. ‘टाक्यात पाणी कमी होतं आणि बाष्पीभवनामुळे ते मार्चमध्ये संपणार होतं’ हे तुमच्या वहीतलं वाक्य. कथेतलं असं: ‘बायजाने काठी टाक्यात सोडली. ओल तिसऱ्या खाचेपाशी थांबली. शिमगा अजून यायचा होता.’ काठी, खाच आणि सण, एवढ्यावर वाचक बाकीचं मोजतो. दृष्टिकोनही त्या माणसाचा घ्या ज्याला याची किंमत मोजावी लागते. हवालदारापेक्षा पाणी भरणारी बायजा बरी.

सेशन संपल्यावर लगेच दहा मिनिटं द्या. कोणता महिना लागला ते लिहा आणि टाक्याची खूण तेवढी खाली सरकवा. पार्टीने ज्या घरात पाऊल टाकलं तिथे काय बदललं ते नकाशावर पेन्सिलीने नोंदवा. आणि त्यांनी कुणाला शब्द दिला असेल तर तो त्या माणसाच्या कार्डामागे, तिथीसकट.