मागे राहिलेल्या चीजवस्तूंचे मोल: वारसावाटणीपूर्वी मूल्यांकन कसे करावे

माणूस गेल्यावर त्याच्या जमिनीचे, घराचे आणि बँकेतील ठेवींचे हिशेब कागदोपत्री सापडतात, पण कपाटे, पेट्या आणि माळे यांत आयुष्यभर साठलेल्या चीजवस्तूंचा हिशेब कोठेच लिहिलेला नसतो, आणि वारसांमध्ये वितुष्ट येते ते पुष्कळदा याच वस्तूंवरून. या कामातील मोठे नुकसान बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांच्या आवराआवरीत होते. म्हणून यादी पूर्ण होईपर्यंत घरातून एकही वस्तू बाहेर जाऊ नये, कोणतीही वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये आणि ‘हे आईने मला द्यायचे कबूल केले होते’ असे म्हणून कोणी काही उचलून नेऊ नये. अशी कबुली खरीही असेल. ती यादीत त्या वस्तूपुढे लिहून ठेवावी आणि तिचा विचार वाटणीच्या वेळी करावा.

आधी यादी, मग किंमत

यादीसाठी एका वेळी एकच खोली घ्यावी आणि शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या वारसांनी एकत्र बसून ती करावी, म्हणजे नंतर शंकेला जागा राहत नाही. वस्तू जागची हलवण्यापूर्वी संपूर्ण खोलीची छायाचित्रे काढावीत, कारण कोणती वस्तू कशाशेजारी होती यावरून पुढे बराच उलगडा होतो: पदकाचे प्रमाणपत्र त्याच खणातील पाकिटात सापडते, घड्याळाची किल्ली त्याच्याच पेटीत आतल्या बाजूला टांगलेली असते. महत्त्वाच्या प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, पण तो दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर असावा. चिकटपट्टी काढताना जुने पॉलिश आणि सोनेरी वर्ख सोबत निघून येतो. छायाचित्र पुढून, मागून आणि तळाकडून घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि शिक्का, सही, तडा, जोड, दुरुस्ती यांचे जवळून वेगळे छायाचित्र घ्यावे. रोजच्या वापरातील भांडी, अंथरुणे आणि साधे कपडे यांसाठी खोलीगणिक एकच ढोबळ आकडा पुरतो. त्यात दिवस घालवू नयेत.

रद्दीत काहीही टाकण्यापूर्वी पुस्तकांची पाने, कोटांचे खिसे, तसबिरींच्या पाठी आणि खणांत अंथरलेले कागद तपासावेत. जुन्या पत्रांवरील तिकिटे सोडवून घेऊ नयेत, कारण टपालाचा शिक्का असलेल्या अखंड पाकिटाला सुट्या तिकिटापेक्षा अधिक मोल असू शकते. पुस्तकाचे फाटके वेष्टनही फेकू नये. संग्राहकांच्या दृष्टीने पहिल्या आवृत्तीच्या किमतीचा मोठा भाग पुष्कळदा त्या वेष्टनातच असतो.

याच टप्प्यावर घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला बोलते करावे. वस्तू समोर ठेवून, तिचा क्रमांक उच्चारून, ती कोणाकडून आणि केव्हा आली हे फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्यावे. मात्र यादीत ‘सांगितलेली माहिती’ आणि ‘पुरावा’ असे दोन रकाने वेगळे ठेवावेत. ‘पणजोबांना बक्षीस मिळालेले घड्याळ’ ही आठवण पहिल्या रकान्यात जाईल. पावती, पत्र, कोरलेले नाव किंवा घड्याळ दिसते असे जुने छायाचित्र दुसऱ्या रकान्यात जाईल. बाजार पैसे मोजतो ते दुसऱ्या रकान्यासाठी. पहिला रकाना रिकामा राहिला, तर दुसरा कोठे शोधायचा हेच कळत नाही.

कोणती किंमत, कोणत्या दिवसाची

एकाच वस्तूच्या तीन प्रामाणिक किमती असू शकतात. तशीच वस्तू आज दुकानातून नव्याने घ्यायला किती पडेल, ही विम्यासाठीची बदली किंमत झाली आणि ती सर्वांत जास्त असते. विकण्याची सक्ती नसलेला विक्रेता आणि घेण्याची सक्ती नसलेला ग्राहक, दोघेही पुरेसे माहीतगार असताना, ज्या आकड्यावर राजी होतील तो रास्त बाजारभाव होय. आणि घर आठ दिवसांत रिकामे करायचे असताना जे हाती पडते, ती निकडीच्या विक्रीची किंमत. मिळकतीच्या हिशेबासाठी साधारणपणे रास्त बाजारभाव धरतात आणि तो बहुतेक ठिकाणी मृत्यूच्या दिवसाचा असतो. आपल्या ठिकाणचा नियम वकिलाकडून आधीच विचारून घ्यावा. कपाटात सापडलेले जुने विमा-मूल्यांकन वस्तूच्या वर्णनासाठी उपयोगी आहे, त्यातील आकडा मात्र वाटणीत धरू नये. त्याचप्रमाणे संकेतस्थळावर कोणी मागितलेली किंमत म्हणजे केवळ अपेक्षा असते. खरोखर झालेल्या विक्रीचे आकडे शोधावेत, आणि ते लिलावाचे असतील तर त्यांत खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेले अधिक शुल्क धरले आहे का, हेही पाहावे.

सोने, चांदी आणि खडे

दागिन्यांवर कोरलेला आकडा भिंगातून वाचता येतो. 916 म्हणजे 22 कॅरेट, 750 म्हणजे 18, 585 म्हणजे 14. चांदीवरील 925 म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध चांदी. आपल्याकडे ‘कॅरेट’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो, त्यामुळे यादीत घोटाळे होतात: सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरेट वजन सांगतो आणि तो 0.2 ग्रॅमचा असतो. मौल्यवान धातूंचा भाव ज्या औंसात सांगतात तो ट्रॉय औंस सुमारे 31.1 ग्रॅमचा असून नेहमीचा औंस सुमारे 28.35 ग्रॅमचा आहे, हेही ध्यानात असू द्यावे. वजन करताना खडे, लाख आणि दोरा यांची वजावट कशी केली ते सराफाकडून लिहून घ्यावे. मोडीचा भाव ही दागिन्याची किमान पातळी आहे. जुनी हातघडण, नामवंत कारागिराची खूण किंवा दुर्मीळ नक्षी असेल तर तो मोडीत काढण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराला अवश्य दाखवावा, कारण एकदा वितळवलेली घडण परत येत नाही.

दागिना जुना आहे म्हणून त्यातील खडा नैसर्गिकच असेल असे नाही. कृत्रिम माणिक तयार करण्याची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नोई यांची पद्धत 1902 मध्येच जाहीर झाली होती आणि त्यानंतर असे खडे उत्तम कोंदणांतही बसवले गेले. त्याचप्रमाणे 1840 च्या सुमारास विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याचे तंत्र व्यापारात आले, त्यामुळे शंभर वर्षांची ‘चांदीची’ भांडी मुलाम्याचीही निघतात. ‘ईपीएनएस’ अशी अक्षरे असतील तर ते निकेल-मिश्रधातूवर चांदी चढवलेले भांडे होय.

वेगळ्या वस्तू, ज्यांचा भाव कोणी सांगत नाही

खरा कस लागतो तो येथे. घराण्यात चालत आलेले व्हायोलिन घ्या. आवाजाच्या नागमोडी फटीतून विजेरीचा झोत टाकला की तळाशी पिवळट कागद दिसतो आणि त्यावर स्ट्रॅडिव्हेरियस हे नाव छापलेले असते. हे नाव ज्याचे, तो इटलीतील नामवंत व्हायोलिन-कारागीर अँटोनियो स्ट्रॅडिव्हारी 1737 मध्ये वारला. त्याच्या नावाचे कागद एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत कारखान्यांतील असंख्य वाद्यांत डकवले गेले, कारण ते वाद्य त्याच्या नमुन्यावर बेतलेले आहे एवढेच त्यातून सांगायचे असे. म्हणून कागद वाचून हुरळून जाऊ नये आणि नकली म्हणून वाद्य भिरकावूही नये. चांगले कारखानी वाद्य आणि विशेषतः त्याच्या पेटीतील गज यांनाही स्वतःची किंमत असते. जुन्या उभ्या पियानोबाबत मात्र मन घट्ट करावे लागते. त्याच्या खुंट्या सैल झाल्या असतील आणि नादफळीला भेगा असतील, तर त्याची वाहतूकच त्याच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते.

लाकडी सामानाचे वय पुढच्या नक्षीपेक्षा आतून चांगले कळते. खण पूर्ण बाहेर काढावा, उलटा करावा आणि बोटे फिरवावीत. हाताने कापलेले सांधे सगळे तंतोतंत एकसारखे नसतात, रंध्याचे हलके उंचवटे बोटांना जाणवतात, आणि जेथे खण वर्षानुवर्षे घासला गेला तेथे कडा गुळगुळीत झालेली असते. लाकूड धाग्यांच्या आडव्या दिशेने आकसते, त्यामुळे जुन्या गोल मेजाचा व्यास दोन दिशांनी मोजला तर थोडा फरक निघतो. गालिचा असेल तर तो पालथा घालून गाठी आणि रंग पाहावेत. पहिला कृत्रिम रंग 1856 मध्ये तयार झाला, तेव्हा तसा रंग असलेला गालिचा त्यापूर्वीचा असू शकत नाही. नाणी आणि पदके कधीही घासू नयेत. धातूवर चढलेला काळसर थर हाच त्यांच्या अस्पर्श अवस्थेचा दाखला असतो आणि घासलेले नाणे जाणकाराच्या नजरेत लगेच उतरते. पदकाच्या कडेवर नाव कोरले आहे का ते पाहावे. नाव, फीत, पेटी आणि कागद यांची ताटातूट होऊ देऊ नये.

काही वस्तूंना किंमत असूनही बाजार नसतो. हस्तिदंत, कासवाची पाठ आणि काही दुर्मीळ लाकडे यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1975 पासून अमलात आलेल्या साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या कराराचे निर्बंध आहेत. अशी वस्तू दुसऱ्या देशातील वारसाकडे पाठवण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी परवाना लागतो का, हे संबंधित खात्याकडे विचारावे. हस्तिदंत ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा सल्ला पुष्कळ लोक देतात, पण त्यामुळे वस्तूवर कायमचा डाग पडतो. आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, ती भिंगातून पाहणे अधिक शहाणपणाचे.

आणि काही वस्तू घातक असतात. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर किरणोत्सर्गी रेडियम असलेला रंग असू शकतो. चमक विझलेली दिसली तरी रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरण्यास लागणारा काळ, सुमारे 1,600 वर्षांचे आहे, म्हणून अशा घड्याळाची काच घरी उघडू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात असलेली सिनेमा-छायाचित्रांची नायट्रेट फिल्म सहज पेट घेते आणि पेटली की विझवणे अत्यंत कठीण जाते. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांच्या कातड्यावर आर्सेनिक असण्याचा संभव असतो, तेव्हा हातमोज्यांशिवाय त्यांना हात लावू नये. बंदूक, काडतुसे किंवा युद्धातून आणलेला बाँबगोळा आढळला, तर तो जागेवरून न हलवता पोलिसांना कळवावे.

मूल्यांकन कोणाकडून करून घ्यावे

जो वस्तू विकत घेणार आहे त्याच्याकडून तिचे मूल्यांकन करून घेऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो. मूल्यांकनकाराचे शुल्क तासांवर किंवा कामावर ठरवावे. किमतीच्या टक्केवारीवर ठरवले तर आकडा फुगवण्यात त्याचा फायदा असतो. एकच माणूस वाद्ये, गालिचे आणि जवाहीर या सर्वांचा जाणकार असणे दुर्मीळ आहे, म्हणून आधी सर्वसाधारण पाहणी करून घ्यावी आणि शंकास्पद वस्तू त्या त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे पाठवाव्यात. लेखी अहवालात वस्तूचे वर्णन, तिची अवस्था, कोणत्या प्रकारची किंमत काढली, कोणत्या तारखेची काढली आणि कोणत्या विक्रीच्या आधारे काढली, हे सर्व असावे. नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी स्वीकारू नये.

वाटणी करताना भावनेचे मोल आणि बाजाराचे मोल एकाच आकड्यात कोंबू नये. वारसांनी पाळीपाळीने एकेक वस्तू निवडावी, दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करावा, म्हणजे शेवटी निवडणाऱ्याला पुढची निवड लगेच मिळते. नंतर प्रत्येकाने घेतलेल्या वस्तूंच्या बाजारभावाची बेरीज करून फरक रोख रकमेने मिटवावा. एकाच वस्तूवर दोघांचा जीव असेल तर दोघांनी बंद पाकिटात आपापला आकडा लिहावा, आणि ज्याला वस्तू मिळेल त्याने तो आकडा आपल्या वाट्यातून वजा करून घ्यावा. सहा खुर्च्यांचा किंवा पूर्ण काचसामानाचा संच तोडण्यापूर्वी मात्र थांबावे, कारण तीन-तीन खुर्च्यांची किंमत एकत्र केली तरी ती सहांच्या संचाएवढी भरत नाही.

शेवटच्या यादीवर सर्व वारसांच्या आणि मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाच्या सह्या घ्याव्यात. छायाचित्रे, अहवाल, पावत्या आणि ज्येष्ठांचे ध्वनिमुद्रण यांची एकेक प्रत प्रत्येकाला द्यावी, आणि ज्या वस्तूबद्दल तज्ज्ञाचे मत अजून यायचे आहे ती सर्वांच्या समक्ष पेटीत बंद करून, यादीत तशी नोंद करून, मत हाती येईपर्यंत कोणाच्याही वाट्याला घालू नये.